टी१ सगळ्यात भारी की सगळ्यात फालतू? मॉडच्या पायऱ्या कुठल्या टोकापासून मोजायच्या?

वीजगेली

जुळे सोलापुरात मित्राचा छोटा गेमिंग कॅफे आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की आठ-दहा जण एआरपीजी (राक्षस मारून वस्तू गोळा करायचे गेम) खेळायला जमतात. निम्मे पाथ ऑफ एक्झाइलवाले (पहिला भाग, पुढे नुसतं पीओई म्हणतो), निम्मे लास्ट एपोकवाले, आणि दोन-तीन असे की जे डायब्लो सोडायला मेले तरी तयार नाहीत. भिंतीवर लावायला मी मराठीत एक तक्ता करतोय. कुठल्या वस्तूवर कुठला मॉड (वस्तूला मिळणारा जादा गुण) आला तर ठेवायची, कुठला आला तर विकायची, बस्स. आणि तक्ता पहिल्याच रकान्यात अडकलाय.

टी म्हणजे टायर, मॉडची पायरी. पीओईत मॉडची टी१ म्हणजे सगळ्यात वरची पायरी. लास्ट एपोकमध्ये टी१ म्हणजे तळ, टी७ म्हणजे छप्पर (प्रायमॉर्डियल वस्तूंवरचा टी८ सोडून बोलतोय). मध्यंतरी आमच्यातला एक गडी पीओई सोडून लास्ट एपोकला आला आणि जुन्या सवयीने लूट फिल्टरला (पडलेल्या वस्तूंपैकी कुठल्या दाखवायच्या ते ठरवणारी सोय) सांगून बसला की टी२ पर्यंतचं दाखव, वरचं सगळं लपव. कितीतरी दिवस तो कचरा गोळा करत होता आणि टी६-टी७ मॉडचे ड्रॉप, ज्यांना एक्झॉल्टेड म्हणतात, जमिनीवरच राहत होते. फिल्टरने लपवलेलं दिसतच नाही, त्यामुळे ओरडायलाही कारण नाही. ‘या गेममध्ये काही पडतच नाही बे’ म्हणत होता.

बरं, एका गेमच्या आत तरी एकवाक्यता असावी? पीओईत नकाशे टी१ ते टी१६, आणि तिथं १६ अवघड. मार्च २०२४ च्या नेक्रोपोलिस लीगला वर टी१७ चढवला. म्हणजे टी१६ च्या नकाशात जाऊन टी१ चा मॉड शोधायचा. अक्षर तेच, दिशा उलटी. पीओई २ डिसेंबर २०२४ ला अर्ली अॅक्सेसमध्ये आला तेव्हा मॉडचे नंबर चढते होते, त्यामुळे पहिल्या भागाची सवय असलेले पुन्हा गोंधळले.

माझं मत सरळ सांगतो: नंबर खालून द्यावेत. कारण उदाहरणानेच पटेल. पीओईत मॅक्झिमम लाइफचा ‘व्हिराइल’ नावाचा प्रीफिक्स (मॉडचा एक प्रकार) आहे, ७० ते ७९ लाइफ देतो. अंगठीवर आला तर टी१, कारण अंगठीला त्याच्या वर काही मिळतच नाही. तोच व्हिराइल बॉडी आर्मरवर आला तर टी६, कारण तिथं वर अजून पाच पायऱ्या आहेत आणि टोकाला १२० ते १२९. मॉड तोच, नाव तेच, लाइफ तेवढंच, आणि नंबर एकदा १, एकदा ६. खालून मोजलं तर दोन्हीकडे आठवी पायरी. नंबर मॉडला चिकटलेला असावा, वस्तूला नव्हे, असं माझं म्हणणं. तुम्ही काय म्हणता?

हार्डकोअर_हणम्या

चुकतोयस. व्हिराइल आठवी पायरी, हे कळून मी करू काय? अंगठी क्राफ्ट करताना मला एकच गोष्ट कळायला पाहिजे: थांबू का अजून करन्सी (क्राफ्टला लागणारे ऑर्ब) जाळू. टी१ दिसलं, हात आखडता घेतला, विषय संपला. तुझ्या पद्धतीत ‘८’ दिसणार. मग अंगठीचं छप्पर आठ, बॉडी आर्मरचं तेरा, रेझिस्टन्सचं आठ, बुटाच्या मूव्हमेंट स्पीडचं सहा, हे सगळं पाठ करत बसायचं? त्यापेक्षा एकच पाठ: एक म्हणजे वर काही नाही. पीओईत मॉडचे प्रकार किती आहेत बघ आणि मग बोल.

कडकभाकरी

आम्ही डायब्लोवाले. आमच्याकडे नंबरच नाहीत, भांडणही नाही. डायब्लो २ मध्ये निळ्या हत्याराच्या नावात ‘क्रूएल’ दिसलं की २०१ ते ३०० टक्के एनहान्स्ड डॅमेज, झालं. नावच पायरी. डायब्लो ४ मध्ये मे २०२४ पासून ग्रेटर अॅफिक्स (अॅफिक्स म्हणजे मॉडच) आलेत, दीडपट आकडा आणि पुढे खूण. खूण आहे, ठेवा. नाही, मोडा.

फिल्टरबाई

@कडकभाकरी, नावाचं अर्धंच सांगितलंत. डायब्लो २ मध्ये निळ्या वस्तूचं नाव मॉडवरून पडतं, पण पिवळ्या रेअरचं नाव असंच कुठलंही जोडून येतं. तिथं नावावरून काहीही कळत नाही, आकडेच वाचावे लागतात. आणि नावं पाठ करणं नंबर पाठ करण्यापेक्षा जड. पीओईत फिजिकल डॅमेजचा सगळ्यात वरचा प्रीफिक्स मर्सिलेस, १७० ते १७९ टक्के. त्याच्या खालचा टिरॅनिकल, १५५ ते १६९. निर्दयी वरचा की जुलमी वरचा, हे कुठल्या तर्काने ओळखायचं?

पण पीओईच्या फिल्टरमध्ये मॉड शोधायचा असेल तर नावच लिहावं लागतं, टी१ असं लिहून चालत नाही. मला ही गोष्ट बोलकी वाटते. यंत्राला स्थिर ओळख लागते, आणि वरून मोजलेला नंबर स्थिर नाही. गेमच्या डेटात खुद्द फायर रेझिस्टन्सचे मॉड फायररेझिस्ट१ ते फायररेझिस्ट८ असे चढत्या क्रमानेच आहेत. खेळाडूला दाखवताना तेवढे उलटे करतात. बनवणारे स्वतःसाठी खालून मोजतात आणि आपल्याला वरून दाखवतात.

कारण उघड आहे. उद्या वर एक नवी पायरी घातली की वरून मोजलेले सगळे नंबर एकाने सरकतात. कालचा टी१ आज टी२. जुने गाइड, जुने व्हिडिओ, वीजगेलीचा भिंतीवरचा तक्ता, सगळं रद्दी. नकाशांना टी१७ आला तेव्हा टी१६ चा टी१६ च राहिला, कुणाला काही पुसावं लागलं नाही. मॉडच्या बाबतीत मात्र इन्फ्लुअन्स मॉडच्या (काही खास वस्तूंवरच येणारे मॉड) टी१ च्या वर पायरी घालायची वेळ आली तेव्हा तिला नंबर न देता ‘एलिव्हेटेड’ असं नाव दिलं. एकाच्या वर जागा नसली की असं काहीतरी शोधावं लागतं.

हार्डकोअर_हणम्या

ताई, वर्षानुवर्षांत एकदा पायरी वाढणार म्हणून रोज खेळताना त्रास काढायचा होय? रद्दी झाला तक्ता तर नवा प्रिंट काढेल की तो. पाच रुपयांचं काम.

आणि दुसरं. टायर म्हणजे ताकद, हे दोघंही गृहीत धरताय. तसं नाही. रेझिस्टन्स बघा. टी२ म्हणजे ४२ ते ४५ टक्के, टी१ म्हणजे ४६ ते ४८. ४५ आणि ४६ मध्ये खेळताना फरक काय? शून्य. पण क्राफ्ट करणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक. टी१ ला आयटम लेव्हल (वस्तू जिथं पडली तिथली लेव्हल) ८४ लागते, टी२ ७२ वरच मिळतो. शिवाय डिव्हाइन ऑर्ब मारून ४६ चे ४८ होतील, ४५ चे ४६ बापजन्मात होणार नाहीत, कारण डिव्हाइन पायरीच्या आतच आकडा फिरवतो. मला टायर बघायचा असतो तो यासाठी. ही वस्तू अजून सुधारू शकते का, का इथंच अडकली. ताकद तर समोर आकड्यात लिहिलेलीच असते, तिच्यासाठी आणखी एक नंबर कशाला?

वीजगेली

हा मुद्दा मात्र दणकट आहे. ताकद आकड्यात दिसते, टायरने छप्पर सांगावं. विचार करतो.

नवखा२५

मी कॅफेतलाच. एक विचारतो. सुरुवातीच्या अंकांत मला एक बॉडी आर्मर मिळालं, लाइफ ‘टायर १०’. मी आठवडाभर घालून फिरत होतो, दहा म्हणजे भारीच असणार म्हणून. कुणीच सांगितलं नाही.

हार्डकोअर_हणम्या

तू विचारलंस कधी बे 😄

फिल्टरबाई

हसू नका. नवीन माणसाचा अंदाज नेहमी हाच असणार, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. लेव्हल वाढली की चांगलं, डॅमेज वाढला की चांगलं, नकाशाचा टायर वाढला की अवघड आणि चांगलं. अख्ख्या गेममध्ये आकडा चढता, आणि फक्त मॉडपाशी आल्यावर उलटा. पीओईत तर हा टायर बघायलाच सेटिंगमध्ये जाऊन सविस्तर मॉडचा पर्याय चालू करायचा आणि वर ऑल्ट दाबून धरायचं. एवढं करून दिसतं ते उलटं.

लूमवाला

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. त्याने हा धागा दाखवला. वाचून गंमत वाटली, कारण आमच्या धंद्यात हेच भांडण माझ्या आजोबांच्या आधीपासून चालू आहे आणि आजून मिटलं नाही. अक्कलकोट रोडला आमचे लूम आहेत, टॉवेलचे.

कॉटनचं सूत काउंटवर चालतं. एका पौंडात ८४० यार्डाच्या किती लडी बसतात तो काउंट. वीस बसल्या, वीस नंबरचं सूत. चाळीस बसल्या, चाळीस नंबर. म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक. पॉलिस्टर घ्यायला गेलं की तिथं डेनियर: ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम. तिथं नंबर वाढला की धागा जाड. गोडाऊनमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात. नवीन पोरगा आला की पहिले काही दिवस हमखास उलटं ऐकतो. जाड सूत आण म्हटलं की वीसऐवजी चाळीस आणतो, जास्त म्हणजे जाड समजून.

आता तुमच्या भांडणातलं जे कुणी बोललं नाही ते सांगतो. काउंटची बेरीज होत नाही. वीस नंबरचे दोन पदर पिळले की चाळीस होत नाही, जाडीला दहा होतं. दोन-वीस म्हणतो आम्ही त्याला, आणि हिशेबात दहा धरतो. डेनियरची मात्र सरळ बेरीज. दीडशेचे दोन पदर, तीनशे. कॉटन आणि पॉलिस्टर एकत्र आले की ५३१५ ला काउंटने भागून डेनियर काढायचा आणि मग बेरीज. वीस नंबर म्हणजे साधारण २६६ डेनियर. हिशेब ज्याला करायचा असतो तो शेवटी डेनियरवरच येतो.

पण बाजारात कॉटनच्या सुताला अजूनही काउंटच म्हणतात. मीही म्हणतो. फोनवर डेनियरमध्ये कॉटन मागितलं तर समोरचा विचारेल, काका तब्येत बरी आहे ना.

फिल्टरबाई

लूमवाले काका, तुम्ही माझं काम केलंत. बेरीज! हाच मुद्दा मला शब्दांत सापडत नव्हता.

लास्ट एपोकच्या लूट फिल्टरमध्ये वस्तूवरच्या अॅफिक्सच्या टायरची एकूण बेरीज लावता येते. अमुक बेरजेच्या वरच दाखव, म्हटलं की झालं. चार अॅफिक्स टी५ असतील तर वीस. एक टी७ आणि बाकी फुटकळ असतील तर तेही बेरजेत कळतं. हे जमतं कारण तिथं मोजणी खालून आहे.

पीओईच्या नंबरांवर हीच बेरीज करून बघा. कमी बेरीज चांगली, असं म्हणावं लागेल. तीन मॉड टी१, बेरीज तीन. आणि ज्या वस्तूवर एकच टी१ आहे आणि बाकी सगळी जागा रिकामी, तिची बेरीज एक. म्हणजे रिकामी वस्तू जिंकली! मॉड नसणं म्हणजे शून्य, आणि शून्य हे टी१ पेक्षाही वर. खालून मोजलं की रिकामी जागा आपोआप शून्य, आणि शून्य सगळ्यात खाली, जिथं ते असायला हवं तिथं.

हार्डकोअर_हणम्या

बेरीज कोण करतंय पण? लाइफचा टायर आणि लाइट रेडियसचा टायर मिळवून काय कळणार. लास्ट एपोकमध्ये सगळ्या अॅफिक्सना सातच पायऱ्या आहेत म्हणून ते शोभतं. पीओईत एकाला तेरा, एकाला सहा. बुटाला ३५ टक्के मूव्हमेंट स्पीड म्हणजे सहावी, म्हणजे छप्पर, आणि लाइफची सहावी म्हणजे ५० ते ५९, कचरा. दोन्ही सहा! तुमच्या बेरजेत सारखेच. काकांचा धागा तरी एकाच मापाचा असतो.

फिल्टरबाई

हे मान्य. पायऱ्या सगळीकडे सारख्या असल्या तरच बेरजेला अर्थ. म्हणजे मूळ दुखणं दिशेचं नाही, पायऱ्यांच्या संख्येचं आहे. लास्ट एपोकने संख्या बांधून घेतली, म्हणून त्यांना छप्पर वेगळं सांगावं लागत नाही. सात म्हणजे छप्पर, आणि पाच म्हणजे क्राफ्टिंगने जिथवर पोचता येतं ते छप्पर. सहा आणि सात ड्रॉपमध्येच मिळायला हवेत. तिथं टायर हा शब्द खरंच काहीतरी सांगतो: पाचपर्यंत तुझी मेहनत, पुढे तुझं नशीब.

वीजगेली

मग मधला मार्ग: अपूर्णांक. अंगठीवर ८/८, बॉडी आर्मरवर ८/१३. वरचा आकडा मॉडचा, खालचा वस्तूचा. हणम्याला छप्पर दिसलं, फिल्टरबाईंना स्थिर ओळख मिळाली, नवख्याला मोठं म्हणजे चांगलं. भांडण खलास?

हार्डकोअर_हणम्या

नाही. खालचा आकडा कुठला?

समज आयटम लेव्हल ७५ चं बॉडी आर्मर आहे. लाइफची सगळ्यात वरची पायरी ८६ ला उघडते, तिच्याखालची ८१ ला, तिच्याखालची ७३ ला. म्हणजे या वस्तूवर अकराव्या पायरीच्या वर काही येऊच शकत नाही. तुझ्या तक्त्यात ११/१३ लिहिणार की ११/११? १३ लिहिलंस तर माणूस वरच्या दोन पायऱ्यांच्या आशेने करन्सी जाळत बसेल, ज्या त्या वस्तूवर कधीच येणार नाहीत. ११ लिहिलंस तर ११/११ वाचून वाटेल जगातली सर्वोत्तम चीज सापडली, आणि बाजारात नेली की कळेल वर दोन पायऱ्या अजून आहेत. विकणाऱ्याला एक आकडा पाहिजे, क्राफ्ट करणाऱ्याला दुसरा.

अर्थात टी१ पद्धतीतही हा घोळ आहेच, मी नाही म्हणत नाही. तिथं त्या बॉडी आर्मरवर टी३ दिसणार आणि पुढे सरकणार नाही. पण निदान एक आकडा आहे आणि लोकांना त्याचा अर्थ ठाऊक आहे.

कडकभाकरी

८/१३/११ लिहा. तारखेसारखं दिसेल. वाढदिवस साजरा करू.

लूमवाला

मुलगा विचारतोय, रंगाने छप्पर दाखवलं तर? आकडा चढता, आणि ती वस्तू त्या मॉडपुरती जिथवर पोचू शकते तिथवर पोचली की आकड्याचा रंग बदलायचा. आम्ही सुताच्या कोनाला (ज्यावर सूत गुंडाळतात तो शंकू) रंगाची टोपी लावतो, काउंट वेगळे ओळखायला. दुरून नंबर वाचावा लागत नाही.

फिल्टरबाई

मुलाला सांगा, हे उत्तर आतापर्यंतच्या सगळ्यांत चांगलं आहे. दिशा चढती ठेवायची, आणि ‘इथून पुढे नाही’ ही वेगळी माहिती वेगळ्या खुणेने द्यायची. एकाच आकड्याकडून दोन कामं करून घ्यायला गेलो की हणम्या आणि मी इथं रात्री बारापर्यंत भांडणार. डायब्लो ४ ची खूण जमते ती त्यामुळेच. ती फक्त एकच गोष्ट सांगते.

रंग ओळखू न शकणाऱ्यांसाठी रंगासोबत एखादं चिन्हही हवं, नुसता रंग नको.

हार्डकोअर_हणम्या

रंगाला माझी हरकत नाही. पण भिंतीवरचा तक्ता हा गेम नाही. गेम टी१ दाखवतो, तक्त्यात ८ लिहिलं तर पोरगं ऑल्ट दाबून ८ शोधत बसेल. तक्ता गेमशी जुळला पाहिजे. तुम्हाला पटो न पटो, पीओई २०१३ ला आला तेव्हापासूनचे लोक टी१ म्हणजे टोक असंच बोलतात. काकांनीच सांगितलं की, बाजार काउंटवरच चालतो.

वीजगेली

हे मानावं लागेल. मत बदललं नाही, चढता क्रमच बरोबर. पण तक्ता माझ्या मतासाठी नाही, समोर खेळणाऱ्यासाठी आहे.

मग असं करतो. टायरचा रकाना पहिला ठेवतच नाही. पहिला रकाना मॉडचा आकडा, म्हणजे ‘लाइफ ७०–७९’. आकड्याला दिशा लागत नाही, तो दोन्ही गेममध्ये जसा दिसतो तसाच लिहायचा. त्याच्यापुढे वस्तू. तिसऱ्या रकान्यात त्या गेमचा टायर, त्या गेमच्याच भाषेत. पीओईचा कागद पिवळा, लास्ट एपोकचा निळा, दोन वेगळ्या भिंतींवर. आणि वर ठळक अक्षरांत, पिवळ्यावर ‘१ भारी’, निळ्यावर ‘७ भारी’. जिथं छप्पर आहे ती ओळ जाड, बाजूला चांदणी.

नमुना ओळ:
लाइफ ७०–७९ | अंगठी | टी१ ★ | ठेव
लाइफ ७०–७९ | बॉडी आर्मर | टी६ | लेव्हलिंगपुरतं घाल, मग विक

नवखा२५

बुटाचं पण घाला ना. मला ३० टक्के स्पीडचे मिळालेत, ते विकू का ठेवू?

हार्डकोअर_हणम्या

ठेव. बुटाला टायर कुणी बघत नाही, सरळ ३० चे बूट, ३५ चे बूट म्हणतात. ३५ ला आयटम लेव्हल ८६ लागते, तू अजून तिथं पोचला नाहीस. सोबत लाइफ आणि एखादा रेझिस्टन्स असेल तर अजून बराच काळ बदलू नको.

वीजगेली

बुटाच्या ओळीत टायरचा रकाना रिकामा सोडतो मग. @लूमवाला काका, रविवारी प्रिंट काढतोय, मुलाला कॅफेत पाठवा. निळ्या कागदावरचे लास्ट एपोकचे आकडे त्याच्याकडून तपासून घ्यायचेत.

लूमवाला

पाठवतो. दहावीचं वर्ष आहे त्याचं, आठच्या आत घरी.